दिवसाला एकच गाणं

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. शाळेत प्रार्थना सुरू झाली की मी नुसते ओठ हलवायची, आणि चौथीतली पोरं ते बरोबर ओळखायची. वच्छलाबाईंबद्दल लिहायला गोरेगावात माझ्यापेक्षा लायक माणसं पुष्कळ होती. पण ती सगळी गाणी म्हणत बसली आणि लिहायचं माझ्या गळ्यात आलं. चालायचंच.

दुष्काळाचं साल नुकतंच मागं पडलं होतं. माझी बदली गोरेगावच्या शाळेत झाली आणि मी ट्रंक घेऊन जीपमधून उतरले, तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला गावात कुणी तयार नव्हतं. शेवटी गाद्या भरणाऱ्या एका चाचांनी दुकानामागच्या दोन खोल्या दाखवल्या. एक रिकामी होती. दुसरीत आधीच एक नर्सबाई राहत होती. ती एकटी, वर बौद्ध. तिला तर कुणी वसरीवर बसूसुद्धा दिलं नव्हतं. चाचा म्हणाले, "दोनों रहो आराम से. बस, लडना नक्को."

नर्सबाई दारातच उभी होती. बुटकी, काळीसावळी, पदर कमरेला खोचलेला, पायात पुरुषी चपला. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाणं कोणतं आवडतं तुमाला?"

मी म्हटलं, "मला गाणं येत नाही."

"येतं का म्हणून कुठं विचारलं, बाई? आवडतं कोणतं?"

प्रवासानं डोकं उठलेलं होतं माझं. मी म्हटलं, "कोणतंच नाही," आणि दार लावून घेतलं. ही माझी आणि वच्छलाबाईंची पहिली भेट.

त्यांचं काम म्हणजे गोरेगाव आणि आजूबाजूच्या वाड्या-तांडे पायी फिरायचे, गरोदर बायकांना गोळ्या द्यायच्या, लेकरांना लस टोचायची, बाळंतपणं करायची. पण बाई कोणत्याही घरी गेली की पहिल्यांदा गाणं द्यायची. त्या दिवशी सगळ्या घरी तेच एक द्यायचं, आणि निघताना कोणत्या तरी एका घरचं एक घ्यायचं. म्हणजे काल तांड्यावर जे मिळालं ते आज पाटलांच्या गल्लीत म्हणायचं, पाटलांच्या गल्लीत जे मिळालं ते उद्या बौद्धवाड्यात. अशी गाणी गावातून फिरायची. नाहीतर आमच्याकडे माणसं जशी आपापल्या गल्लीत राहतात तशी गाणीही राहतात. गोंधळ्याचं गाणं गोंधळ्याकडे, कव्वाली मशिदीमागं, भीमगीत विहाराजवळ. वच्छलाबाईंच्या पिशवीत कापूस, कात्री, लाल गोळ्या आणि ही सगळी गाणी एकत्र.

त्यांचे नियम मात्र फार कडक. दिवसाला एकच गाणं. कुणी आग्रह केला तरी दुसरं नाही. "दोन गाणी म्हंजे एका ताटलीत दोन पातळ भाज्या. एकीची चव दुसरीला लागती." आणि पाठ असलेलं नको, आवडीचं पाहिजे. एखादी सून उगाच आरती म्हणायला लागली की त्या हात वर करून थांबवायच्या. "हे तुमच्या सासूचं झालं. तुमचं कोणतं?" त्यावर ती पोर लाजायची, इकडंतिकडं बघायची आणि मग हळूच पंचायतीच्या रेडिओवर ऐकलेलं सिनेमाचं गाणं म्हणायची. सासू आ वासून बघायची.

मी एकदा म्हटलं, "लिहून का ठेवत नाही? मी वही देते."

"नका देऊ. लिवलं की डोकं म्हणतं, झालं, आता मी निजतो."

संध्याकाळी चुलीपुढं आम्ही दोघी जेवायला बसलो की त्या दिवसाचं गाणं माझ्या कानावर यायचं, मला हवं असो की नसो. पहिले काही दिवस मी कपाळाला आठ्या घालून जेवले. नंतर आठ्या गेल्या. नंतर एक दिवस त्या उशिरा आल्या, दमल्या होत्या, न बोलता भाकरी मोडायला लागल्या, तर माझ्याच तोंडून निघून गेलं, "आज काय आणलं?" त्यांनी वर बघितलं आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की चाचा दुकानातून ओरडले, "क्या हुआ?"

या चाचांकडून कव्वाली काढायला त्यांना फार दिवस लागले. चाचा उरुसात कव्वालांच्या मागं बसून टाळी धरणारे. पण बाईमाणसासमोर गायचं म्हणजे, "शरम आती मेरे कू." वच्छलाबाई म्हणाल्या, "मग भिंतीकडं तोंड करा." खरंच, चाचांनी पिंजलेल्या कापसाच्या ढिगात बसून, भिंतीकडं तोंड करून, टाळ्या वाजवत सगळी कव्वाली म्हटली. दाढीत कापूस अडकलेला. बाईंनी दुसऱ्या दिवशी ती पाटलांच्या गल्लीत दिली. आठवडाभरानं चाचा हसत हसत घरी आले. गल्लीतली एक म्हातारी गोवऱ्या थापता थापता त्यांची कव्वाली म्हणून राहिली होती, थापटीच्या ठेक्यावर. "हमारी कव्वाली, बाई, शेणावर चालू!" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले ते. आणि मग गंभीर होऊन म्हणाले, "मगर ठेका बराबर था."

सगळं असं हसण्यावारी नव्हतं. पुष्कळ घरांत त्यांचा कप वेगळा असायचा, बाहेरच्या कोनाड्यात पालथा घातलेला. त्या तो घ्यायच्या, चहा प्यायच्या, विसळून परत तिथंच पालथा घालायच्या. मला राग यायचा. मी म्हणायची, "घेता कशाला तो चहा?" त्या म्हणायच्या, "चहा घेतला न्हाई तर लेकराला सुई कशी टोचू? माझं काम लेकराशी हाय."

पण गाण्याच्या बाबतीत त्या एक पाऊल मागं सरायच्या नाहीत. त्यांचे वडील शेतमजूर, रात्री जलशात ढोलकी वाजवायचे. वडिलांकडून आलेलं एक भीमगीत त्यांच्या फार आवडीचं. एका मोठ्या घरी त्यांनी ते सुरू केलं, तर मालकीण म्हणाली, "हे नको, बाई. दुसरं म्हणा." वच्छलाबाई म्हणाल्या, "दुसरं उद्या. आजचं हेच हाय." आणि सगळं गाणं शेवटापर्यंत म्हणून, लेकराला टोचून, उठल्या. दुसऱ्या दिवशी त्याच घरी जाऊन खंडोबाचं गाणं दिलं, जसं काही झालंच नाही. मी असते तर त्या दाराला पुन्हा पाय लावला नसता.

नवरा होता त्यांना. गाव म्हणायचं, नवऱ्यानं टाकलं. त्या म्हणायच्या, "मीच टाकला त्याला. गाणं लागलं की झोपायचा." खरं काय ते मी विचारलं नाही.

फजितीही व्हायची. तांड्यावरच्या सक्रीनं त्यांना एक गाणं दिलं होतं. लमाणी भाषा बाईंना येत नव्हती, पण चाल इतकी आवडली की अर्थ न विचारताच घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी गल्लीत एका घरी बारसं. पाळणा सजलेला, घुगऱ्या वाटून झालेल्या, बायका म्हणाल्या, शिष्टर, आजचं गाणं. बाईंनी डोळे मिटून ते सुरू केलं. अंगणात सक्रीच्या तांड्यावरच्या दोन बाया शेंगा फोडायला आलेल्या होत्या. त्यांनी सुपं खाली ठेवली, एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि हंबरडा फोडला. घरात एकच गोंधळ. कुणी पाणी आणलं, कुणी विचारलं, साप चावला का? तेव्हा कळलं, की तांड्यावर नवरी सासरी जाताना मायच्या गळ्यात पडून जे म्हणते ते हे गाणं. बारशाला रडगाणं! यजमानीण तांबडीलाल झाली. वच्छलाबाई इतक्या ओशाळल्या की त्यांना घुगऱ्या गिळेनात. पण गंमत अशी, की ज्या बायांना अर्थ कळला त्या एकेक करून पदर डोळ्याला लावायला लागल्या, शेवटी यजमानीणसुद्धा. तिचं माहेर लांब होतं, पाच वर्षांत ती गेली नव्हती. त्या दिवशी बारशाला सगळ्या जणी मनसोक्त रडल्या, आणि मला ते बघून हसावं की रडावं कळेना, तर मीही थोडी रडले.

आता रुख्मीनचं सांगते.

गोरेगावापासून थोडं पुढं ओढ्यापलीकडं एक छोटी वस्ती होती. तिथं गयाबाई म्हणून एक कर्ती म्हातारी. विधवा, एक मुलगा, पुरेशी जमीन, आणि जीभ विळ्यासारखी. रुख्मीन तिची सून. तिची दोन लेकरं गेली होती. पहिलं पोटातून येतानाच गेलं. दुसरं जन्मलं, रडलं, दूध प्यालं, आणि आठवड्यात आकडी येऊन गेलं. नाळ विळ्यानं कापली होती. तिसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा रुख्मीन स्वतः बाजाराच्या दिवशी वच्छलाबाईंना शोधत आली, पदर तोंडात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "हे तरी राहील का, बाई?" वच्छलाबाई म्हणाल्या, "राहील. मी हाय ना." धनुर्वाताचं पहिलं इंजेक्शन तेव्हाच दिलं. दुसरं महिन्यानं द्यायचं होतं.

मी त्या रात्री म्हटलं, "असं वचन कशाला द्यायचं? तुम्ही काय देव आहात?"

"देव न्हाई. पर तिला कुणीतरी व्हय म्हणायला पायजे होतं."

आणि नेमकी तेव्हाच नसबंदीच्या ऑपरेशनची मोहीम आली. ज्यांनी ते साल बघितलंय त्यांना सांगायला नको. वरून हुकूम सुटले, माणसं आणा. नर्सेसना सांगितलं, ग्रामसेवकांना सांगितलं, आम्हा मास्तरांनासुद्धा सांगितलं. जीप दिसली की माणसं ज्वारीत पळायची. आणि गावोगाव एक बोलणं पसरलं, की नर्सबाई गाणं म्हणत येती, बायांना गोड बोलून बसवती, अन् नाव लिहून नेती. मग जीप येती.

वच्छलाबाईंनी एकाही बाईला जबरदस्तीनं नेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. ज्या आपणहून आल्या त्यांना त्या घेऊन गेल्या. पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? दारं बंद व्हायला लागली. गाणं द्यायला गेल्या की आतून, "घरात कुणी न्हाई." बाई संध्याकाळी रिकाम्या यायच्या. मी विचारायची, आज काय आणलं? त्या म्हणायच्या, "आज कालचंच." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकलं.

गयाबाईनं तर दाराला आतून आडणा घातला. रुख्मीनला अंगणातसुद्धा येऊ देईना. "माझ्या वंशाला दिवा न्हाई, अन् ही माझ्या सुनंला कापायला येऊन राहिली," असं चारचौघांत म्हणाली. दुसऱ्या इंजेक्शनची वेळ आली होती. दिवस भरत चालले होते. वच्छलाबाईंचं जेवण तुटलं.

मग त्यांनी एक केलं. रोज सकाळी त्या वस्तीवर जायच्या. गयाबाईच्या दारासमोर लिंब होता, त्याच्याखाली बसायच्या, त्या दिवसाचं एक गाणं बंद दाराला म्हणायच्या आणि उठून पुढच्या कामाला जायच्या. हाक नाही, विनवणी नाही. भजन, भारूड, जीपवाल्याकडून घेतलेलं सिनेमाचं गाणं, एक दिवस तर चक्क लावणी. वस्तीतली पोरं जमायची. दार तसंच.

एका रविवारी शाळेला सुट्टी म्हणून मीही गेले सोबत. उन्हं नुकतीच वर आली होती. वच्छलाबाई म्हणाल्या, "आज साखऱ्याचं हाय. तिथल्या एका म्हातारीनं दिलंय. जात्यावरची ओवी." गयाबाईचं माहेर साखरा, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. बाईंनी ओवी सुरू केली. बहीण भावाच्या शेतात जाते, भाऊ मोटेवरून बघतो, असं काहीतरी होतं. ती संपली. आम्ही उठलो.

आणि आतून खणखणीत आवाज आला, "असं म्हणत असतेत व्हय?"

आम्ही जागच्या जागी थांबलो.

"जात्यावर बसली की एकदम भावाच्या शेतात गेली! देव कुठं राह्यला? माय-बाप कुठं राह्यले? पहिली ओवी कोनाची असती, काई म्हाईत हाय का न्हाई तुला?"

वच्छलाबाई दाराकडं बघून म्हणाल्या, "न्हाई म्हाईत, मावशी. मला रोज एकच भेटती."

"ओवी काय एकटी असती व्हय? येडी कुठली!" आडणा सरकल्याचा आवाज आला. दार हातभर उघडलं. गयाबाई उंबऱ्याच्या आत उभी. केस पांढरेफेक, कपाळ मोकळं, डोळे मात्र रागानं पेटलेले. "साखऱ्याची ओवी हाय ही. माझ्या मायच्या गावची. वाटंल तशी म्हणायची न्हाई. खाली बस."

वच्छलाबाई उंबऱ्याबाहेर बसल्या. गयाबाई आत बसली. आणि तिनं क्रम सांगितला. पहिली देवाला, दुसरी माय-बापाला, मग जमिनीला, मग कुठं भावाची पाळी. प्रत्येक म्हणून दाखवली, म्हणून घेतली. दिवसाला एकच गाणं म्हणणारी बाई त्या दिवशी एका बैठकीत किती शिकली, मी मोजलं नाही. मी लिंबाखाली बसून कंटाळले. पण वच्छलाबाईंचा चेहरा मी तेव्हा बघितला. पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवलेल्या माणसाचा असतो तसा होता.

परतताना मी म्हटलं, "काय चलाख आहात! मुद्दाम चुकलात ना?"

"न्हाई हो बाई," त्या म्हणाल्या, "खरंच चुकले. लाज वाटून राहिली मला." आणि त्यांचे कान खरंच लाल झाले होते.

त्यानंतर दार हातभर उघडं राहायला लागलं. चार-दोन दिवसांनी गयाबाईनं स्वतः सुनेचा दंड धरून पुढं केला, सुईकडं डोळे वटारून बघत. "एवढंच ना?" "एवढंच." दुसरं इंजेक्शन झालं. त्या दिवशी आमच्या घरी गूळ-शेंगदाण्याचे लाडू झाले.

एकदा वच्छलाबाईंनी तिच्याकडं मागितलं, "मावशी, तुमच्या घरच्या माणसांची एखादी ओवी द्या ना." गयाबाईनं साफ नाही म्हटलं. माणसाचं नाव घालून म्हटलेली ओवी घरची असती. ती जात्यापाशी बसूनच म्हणायची, दारातून देत नसतात. मी हे ऐकून चिडले. म्हटलं, "बाळंतपणाला तुम्ही चालता, ओवीला चालत नाही?"

वच्छलाबाई भाकरी थापत होत्या. "बाळंतिणीच्या खोलीत आमच्या बाया पहिल्यापासून जात आल्या, बाई," त्या म्हणाल्या. "जात्यापाशी न्हाई." आणि भाकरी उलटली. 

रुख्मीनला कळा लागल्या तो बाजाराचा दिवस होता. सकाळीच तिचा नवरा बैलगाडी पिटाळत आला. शाळा भरायची होती, पण मी हेडमास्तरांना निरोप दिला आणि गाडीत चढले. कशाला चढले विचाराल तर सांगता येणार नाही. मला घरी बसवलं नसतं.

वस्तीवर पोचलो तर गयाबाई पुन्हा दारात आडवी. पहिल्यापेक्षा जास्त भेदरलेली. आजूबाजूच्या बायांनी तिच्या मनात भरवलं होतं, की बाळंतपणाच्या नावाखाली आतलं आत ऑपरेशन करून टाकतात, कळतसुद्धा नाही. आतून रुख्मीनचं ओरडणं येत होतं. तरी गयाबाई बाजूला होईना. "माझी सून हाय. काई झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

वच्छलाबाईंनी वाद घातला नाही. अंगणात पिशवी उपडी केली. सगळं मातीत. कात्री, दोरा, साबणाची वडी, कापूस, पितळी डबा. "बघा, मावशी. एकेक उचलून बघा. ह्याच्यात कापायचं एकच हाय, ही कात्री. ती नाळंला. आता उकळून देते, तुमीच हातात धरून उभ्या राहा."

गयाबाईनं खाली बसून खरोखर एकेक वस्तू उचलून बघितली. दोऱ्याचं रीळसुद्धा. आत रुख्मीन ओरडत होती आणि मी मनात म्हणत होते, बाई गं, आटप. शेवटी तिनं कात्री उचलली, वच्छलाबाईंच्या हातात दिली आणि दारातून सरकली. "जा. पर पोरगं जितं पायजे मला."

लेकरू पायाळू होतं. पाय आधी. मी अंगणात होते, आतलं मला दिसत नव्हतं. हिंगोलीला न्यायला जीप मिळणार नव्हती आणि मिळाली असती तरी वेळ नव्हता. आतून वच्छलाबाईंचा आवाज येत होता, शांत, भाजी निवडताना बोलतात तसा. "घाई नको. ओढू नका कुणी. येऊ द्या त्याचं त्याला." मग बराच वेळ काहीच नाही. रुख्मीनसुद्धा गप्प झाली. तिचा नवरा बैलाच्या पाठीवर डोकं टेकून उभा होता. मला वाटलं, गेलं. तिसरंही गेलं. आणि वच्छलाबाईंनी दिलेलं वचन आठवून मला त्यांचा फार राग आला, आणि फार भीतीही वाटली त्यांच्यासाठी.

मग चापट्यांचा आवाज आला, आणि मांजरानं ओरडावं तसं एक बारीकसं रडू. मग मोठं. मग खूप मोठं. मुलगी होती.

वंशाला दिवा पाहिजे म्हणणारी गयाबाई काय बोलते म्हणून सगळ्या बाया दाराकडं डोळे लावून उभ्या. गयाबाई बाहेर आली, उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "जिती हाय. जिती हाय माझी पोर." आणि ढसाढसा रडली. वच्छलाबाईंनी त्या दिवशी गाणं दिलं नाही, मागितलंही नाही. घरी येऊन आंघोळ केली आणि न जेवता झोपल्या.

सवा महिनाही झाला नव्हता, त्यांची बदली आली. मोहिमेत माणसं कमी आणली म्हणून, असं लोक म्हणाले. वरच्यांनी काय कारण लिहिलं मला ठाऊक नाही. सिद्धेश्वरच्या धरणाकडच्या गावी टाकलं. निघायला एकच दिवस मिळाला. चाचांनी नवी गादी भरून दिली, जीपच्या टपावर स्वतः बांधली आणि जीप जाईपर्यंत तिच्याकडं तोंड केलं नाही. मी म्हटलं, "पत्र टाका." त्या म्हणाल्या, "टाकते." मोहीम पुढं थांबली, पण बाई काही परत आल्या नाहीत.

दोन दिवसांनी बाजाराला गयाबाई आली. पोरीला छातीशी धरून, उन्हातून चालत. वच्छलाबाई गेल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. ऐकून ती आमच्या पायरीवर बसली. पाणी दिलं तर घेतलं नाही. मग एकदम म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमी जानार का तिच्याकडं?"

"जाईन की कधीतरी."

"कधीतरी न्हाई. लवकर जा. तिच्यासाठी एक ओवी आनली होती. ती पोचवा."

मी घाबरले. "मला गाता येत नाही हो, गयाबाई. तुम्ही सांगा, मी लिहून देते."

"ओवी कागदावर देतेत व्हय? शिका. लेकरायला शिकविता न्हाई का तुमी?"

आणि तिनं मला तिथंच, भर बाजाराच्या दिवशी, पायरीवर बसवून ती ओवी शिकवली. चुकले की दंडाला चिमटा. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. दुकानात चाचा तोंडात कापूस कोंबून हसत होते. माझा सूर लागेना. शेवटी गयाबाई कंटाळून म्हणाली, "राहू द्या. सबूद तरी बराबर पोचवा."

पुढच्याच रविवारी मी हिंगोलीची जीप धरली, तिथून औंढ्याची गाडी आणि पुढं एका ट्रॅक्टरवर बसून सिद्धेश्वरला गेले. वाटभर तोंडातल्या तोंडात ओवी घोकत होते. शेजारची बाई मला वेडी समजली असणार.

वच्छलाबाई दवाखान्याच्या वसरीवर स्टोव्ह पेटवून सुया उकळत बसल्या होत्या. मला बघून उठायला लागल्या. मी म्हटलं, "बसा. विसरायच्या आत म्हणते. गयाबाईनं पाठवलंय." आणि पदर खोचून, समोर उभी राहून, फाटक्या आवाजात म्हटली.

जवारी सुपामंदी, राहिली मूठभर,
वच्छला बहिणी, बस जात्यापाशी घडीभर.

 त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"नाव घातलं तिनं?"

"घातलं."

"बहीण म्हणली?"

"हो."

"जात्यापाशी बस म्हणली? तुमी न्हाई ना मनानं घातलं?"

"मला येतंय का मनानं घालायला?" मी म्हटलं. 

त्यांनी दोन्ही ओले हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, कोरडे झाले तरी पुसत राहिल्या. धरणाकडून वारा येत होता. मला वाटलं आता रडतील, पण रडल्या नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "फार बेसूर हाय तुमी, बाई."

मग स्टोव्ह बंद केला आणि म्हणाल्या, "परत म्हणा."

मी परत म्हटली.